तीन नंबरच्या टेबलाचा पाय

"या रस्त्यावर कुणाच्याही ताटात मीठ चुकलं, तर फाशी आचाऱ्याला नाही, मला द्या!"

अप्पांनी हे मंगळवारी संध्याकाळी पावणेसात वाजता, आरशासमोर मफलर गुंडाळताना जाहीर केलं. ऐकायला घरात फक्त त्यांची मुलगी होती, आणि तिला हे वाक्य वर्षातून चारदा ऐकायची सवय होती. ती दारात उभी राहून आपल्या बुटाचं सैल झालेलं बक्कल बघत होती.

"अप्पा, उशीर होतोय."

"परीक्षक कधी उशिरा येत नसतो गं. परीक्षाच लवकर सुरू होते."

परीक्षा होती कोपऱ्यावरच्या हॉटेलात. हॉटेल म्हणजे सात टेबलं, वाफेनं बाराही महिने धुरकटलेल्या दोन खिडक्या, कोपऱ्यात कुंडीतलं एक रबराचं झाड, आणि स्वयंपाकघर व बैठक यांच्यामध्ये ताटं सरकवायची एक बुटकी चौकट. चौकटीपलीकडे चुलीशी काकू. अलीकडे वाढायला काकूंचे दीर. काकू त्यांना भाऊजी म्हणत, म्हणून सगळा रस्ता त्यांना भाऊजी म्हणे. त्यांची सख्खी बायकोही एकदा चुकून म्हणाली होती, असं ऐकिवात आहे.

या हॉटेलात छापील मेन्यू नव्हता. एक काळी पाटी होती, आणि ऋतू बदलला की पाटी बदलायची. थंडीत लाल भोपळ्याचं सूप आणि भाजलेलं बीट, उन्हाळ्यात काकडी आणि पुदिना, असं. पाटी बदलण्याच्या आदल्या संध्याकाळी अप्पा तीन नंबरच्या टेबलावर बसून प्रत्येक पदार्थ चाखत, काकूंच्या पाककृतीच्या कार्डावर दुरुस्ती लिहीत आणि खाली सही करत. एकदा सही झाली की ऋतू संपेपर्यंत त्यात चिमूटभरही फरक करायचा नाही, हा काकूंचा कायदा होता. आजूबाजूचे लोक ही परीक्षा बघायला येऊन बसत. हेडमास्तर, दातांचे डॉक्टर, शिंपीणबाई. आपल्या रस्त्यावर एक जाणकार जीभ राहते, याचा सगळ्यांना अभिमान होता.

आणि जीभ होतीच तशी! अप्पांनी डबाबंद सूप आणि जॅमच्या कारखान्यात एकतीस वर्षं चव तपासायचं काम केलं होतं. डोळे मिटून एक चमचा जॅम तोंडात घालायचे आणि तो सकाळच्या पाळीत शिजला की रात्रपाळीत, ते सांगायचे. रात्रपाळीची माणसं त्यांना वचकून असत.

फक्त एक बारीकशी अडचण होती. सात वर्षांपूर्वी अप्पांना मोठा ताप आला. पंधरा दिवसांनी ते तापातून उठले. जीभ काही उठली नाही.

हे मुलीला कळलं ते एका सकाळी. अर्धवट झोपेत तिनं चहात साखरेऐवजी मीठ घातलं. अप्पांनी कप संपवला, मिश्या पुसल्या आणि म्हणाले, "वा! आज चहा जमलाय." ती ग्रंथालयात नोकरीला होती, आयुष्यभर पुस्तकांत बुडालेली. अशा प्रसंगी काय बोलतात ते तिनं पुष्कळ कादंबऱ्यांत वाचलं होतं. ती म्हणाली, "अजून देऊ?"

त्यानंतरची पाटीपरीक्षा आठवड्यावर होती. अप्पा टेबलाशी बसले, टोमॅटोचं सूप तोंडात घोळवलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "मीठ..." समोर बसलेल्या मुलीनं ते सूप चाखलं होतं. मीठ चांगलंच जास्त होतं. अप्पांचे ओठ 'कमी'कडे वळताना तिला दिसले आणि घाबरून तिनं टेबलाखालून त्यांच्या नडगीवर लाथ मारली.

"...जास्त!" अप्पा म्हणाले. "अर्धा चमचा काढा!"

काकूंनी चाखलं. सगळ्यांनी चाखलं. टाळ्या पडल्या.

घरी जाताना अप्पा थोडे लंगडत होते. "त्या तीन नंबरच्या टेबलाच्या पायाला फार धार आहे," ते म्हणाले.

"जुनं लाकूड आहे," ती म्हणाली.

बस! या विषयावर बापलेकींचं सात वर्षांत झालेलं बोलणं एवढंच. एक लाथ म्हणजे मीठ जास्त, दोन म्हणजे कमी, लाथ नाही म्हणजे उत्तम. हे कुणी ठरवलं नाही, लिहिलं नाही, बोललं तर मुळीच नाही. घरात दोनच माणसं असली की गुपिताला फारशी जागा लागत नाही. दोघांच्या मध्ये ते आरामात मावतं.

तर, त्या मंगळवारी भोपळ्याचं सूप आलं. तिनं आपल्या वाटीतून एक चमचा घेतला. उत्तम होतं! मीठ जिथं असायला हवं तिथं, जेवढं हवं तेवढं. लाथेचं काही कामच नव्हतं. ती निवांत झाली, पाय सैल सोडले, आणि बक्कल निसटून तिचा बूट टेबलाखाली पडला. तो पायानं चाचपताना तिचा अंगठा कशावर तरी आपटला. मग बूट सापडला असं वाटून तिनं पाय पुन्हा रेटला.

बूट नव्हता. नडगी होती.

"मीठ कमी!" अप्पा कडाडले. "फारच कमी! दुप्पट करा!"

चौकटीतून काकूंच्या भुवया वर गेल्या. "दुप्पट, अप्पा?"

"दुप्पट!" अप्पांनी कार्डावर लिहिलं, मीठ दुप्पट, आणि खाली ती झोकदार सही ठोकली.

आता हे सुधारायचं कसं? कमीची खूण होती, जास्तीची होती. 'माझा बूट पडला' याची नव्हती. चारचौघांत तोंड उघडावं तर झाकली मूठ सव्वा लाखाची, ती सगळ्यांसमोर उघडणार. उद्या ग्रंथालयात जाता जाता काकूंना हळूच सांगू, असं तिनं ठरवलं.

परतताना अप्पा म्हणाले, "आज टेबलानं अंमळ जोरातच मारलं."

"हो का?"

"चालायचंच. म्हातारं झालंय तेही." घरी आल्यावर त्यांनी शब्दकोडं अर्धं सोडवलं, उरलेलं अर्धं चुकीचं आहे असं जाहीर केलं, आणि झोपायला जाताना दारातून म्हणाले, "उद्या दूध संपेल गं. लक्षात ठेव."

बुधवारी सकाळी ते खुर्चीत होते. मांडीवर वर्तमानपत्र, नाकावर चष्मा, सगळं जागच्या जागी. तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्यांना कळलंही नसेल.

दूध संपलं नव्हतं. पुढे दोन दिवस पुरलं.

तीन आठवडे ती कोपऱ्यावरून न जाता लांबच्या रस्त्यानं ग्रंथालयात गेली. संध्याकाळी अप्पांचं कपाट आवरायची. शर्ट, मफलर, कारखान्यानं निरोपादाखल दिलेलं घड्याळ. मोज्यांच्या खणात तिला एक विचित्र वस्तू सापडली. जाड नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, वीतभर पट्टी, कडेनं सुबक शिलाई, मागं दोन इलॅस्टिक. गुडघ्याला लहान, मनगटाला मोठी. कशाची ते तिला काही कळेना. टाकवेना, म्हणून तिनं ती पर्समध्ये ठेवली.

चौथ्या आठवड्यात भाऊजी दारात आले. "वहिनी बोलावतात. तुमचं टेबल तसंच ठेवलंय."

ती गेली. आत शिरताच समोरच्या भिंतीवर, पाटीच्या वर, काचेच्या फ्रेममध्ये बसवलेलं कार्ड दिसलं. मीठ दुप्पट. खाली सही.

"त्यांचा शेवटचा शब्द," काकू चौकटीतून म्हणाल्या आणि पदराला डोळे पुसले. "एक कण इकडचा तिकडे केलेला नाही पोरी."

सूप आलं. हेडमास्तर, डॉक्टर, शिंपीणबाई, सगळे चमचे हातात धरून तिच्याकडे बघू लागले. तिनं पहिला घोट घेतला.

समुद्र! समुद्रात निदान लाटा तरी असतात. हा नुसता उभा समुद्र होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. टेबलाटेबलावर माना हलल्या. सगळ्यांना वाटलं, वडिलांची आठवण आली. ती आलीच होती, पण आधी मीठ आलं होतं.

"कसं झालंय?" काकूंनी विचारलं.

"अगदी... त्यांनी सांगितलं तसं."

"भाऊजी, तिला अजून एक वाटी द्या!"

दुसऱ्या वाटीच्या तळाशी पोचेपर्यंत तिच्या लक्षात बऱ्याच गोष्टी आल्या. प्रत्येक टेबलावर पाण्याच्या एका तांब्याऐवजी तीन तीन तांबे होते. हेडमास्तर दर घोटानंतर, दोन मिनिटं शांतता पाळावी तसे स्तब्ध बसत होते. दोन टेबलं रिकामी होती, जी पूर्वी कधीच नसत. आणि कोपऱ्यातलं रबराचं झाड पार वठलं होतं. मातीवर पांढरी खपली धरली होती. झाडाला लागून डॉक्टरांची खुर्ची होती.

म्हणजे सगळा रस्ता खाल्ल्या मिठाला जागत होता!

निघताना तिनं सुचवून पाहिलं. "काकू, थोडी साय घातली तर?"

"सायीनं मीठ मरतं."

"तेच... म्हणजे, मऊपणा येईल."

"त्यांच्या शब्दात मी पाणी घालणार नाही," काकू म्हणाल्या. "हॉटेल बुडालं तरी चालेल." आणि रिकाम्या टेबलांकडे बघून पुन्हा म्हणाल्या, "चालेल."

हॉटेल बुडायला अजून दोन महिने लागले असते. सूप थंडीभर राहणार होतं. तिला रात्रंदिवस एकच घोर लागला. खरं सांगावं, तर अप्पांची जीभ सात वर्षं खोटी होती हे सांगावं लागणार. मेलेल्या माणसाला स्वतःची बाजूही मांडता येत नाही. न सांगावं, तर काकूंची चूल विझणार, तीही अप्पांच्या सहीनं. वाचणारी माणसं पेचात सापडली की पुस्तकांकडे धावतात. तिनं ग्रंथालयातली गृहशास्त्राची सतरा पुस्तकं काढली. सतराच्या सतरा एकमुखानं म्हणत होती, खारट रश्श्यात सोललेला कच्चा बटाटा सोडावा, तो मीठ शोषून घेतो आणि मग तो काढून टाकावा.

शनिवारी संध्याकाळी ती पर्समध्ये पाच सोललेले बटाटे घेऊन गेली. काळे पडू नयेत म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळलेले. हात धुवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात शिरली. काकू मागच्या दारी बीट निवडत होत्या. तिनं झाकण उचललं आणि एक, दोन, तीन, चार... पाचवा हातातून निसटून धप्पकन पडला आणि तिच्या बाहीवर भोपळा उडाला.

"काय गं?" काकूंचा आवाज.

"काही नाही. पाणी गार आहे!"

आता पुस्तकांत एक गोष्ट सोयीस्करपणे वगळली होती. बटाटे काढून टाकायला स्वयंपाकघरात पुन्हा जावं लागतं. ती टेबलाशी येऊन बसते न बसते तोच भाऊजींनी मोठा डाव बुडवला आणि हेडमास्तरांपुढे वाटी ठेवली. वाटीत मधोमध एक अख्खा, पांढराशुभ्र बटाटा तरंगत होता.

हेडमास्तरांनी चष्मा सावरला. "भाऊजी, हे काय?"

भाऊजींना उभ्या जन्मात 'माहीत नाही' म्हणता आलं नव्हतं. ते दोन क्षण बटाट्याकडे बघत राहिले. "खास आहे," ते म्हणाले. "मोजकेच आहेत."

संपलं! मोजकेच आहेत म्हटल्यावर माणसाला धोंडाही हवासा वाटतो. "मग मला का नाही?" डॉक्टर म्हणाले. "मी काय झाडाशी बसतो म्हणून?" शिंपीणबाईंनी आपली वाटी चमच्यानं तळापर्यंत ढवळली. "माझ्यात पण नाही! अप्पांचा कोट मी उसवून शिवलाय, आणि खास मात्र यांना?"

"वयानं मी मोठा आहे," हेडमास्तर म्हणाले आणि वाद मिटवण्यासाठी त्यांनी बटाट्याचा मोठा घास घेतला.

बटाटा गरम सुपात जेमतेम दहा मिनिटं होता. बाहेरून तो शिजल्यासारखा दिसत होता, इतकंच. 'कट्' असा आवाज झाला. हेडमास्तरांनी हात खाली आणला. बटाटा हातात आला आणि वरची कवळी बटाट्यात.

कुणी हसलं नाही. डॉक्टर शांतपणे उठले, दोन चमचे मागितले आणि नेहमीच्या धंद्याच्या आवाजात म्हणाले, "घाबरू नका, जरासुद्धा दुखणार नाही." ते बटाट्याला उद्देशून होतं की काय, कळलं नाही.

आवाजानं काकू बाहेर आल्या. त्यांनी बटाटा पाहिला, कवळी पाहिली.

"माझ्या सुपात बटाटा कुणी टाकला?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात टप, टप असा आवाज येत होता. तिच्या मांडीवरच्या पर्समधून पाणी गळत होतं.

ती उठून उभी राहिली. पुढची पाच वाक्यं तिनं मनात जुळवली होती. पण तोंडातून एकच निघालं.

"काकू, सूप खारट आहे."

मग डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "देवा! कुणीतरी बोललं!"

"खारट? अहो, जहर आहे!" शिंपीणबाई म्हणाल्या. "माझे पाय सुजले!"

"झाड मी मारलं," डॉक्टर म्हणाले. "कबूल करतो. नवीन आणून देतो."

"मग आठवडेच्या आठवडे तोंडाला कुलपं लावली होती?" काकू कडाडल्या.

"अप्पांफा फब्द!" हेडमास्तर भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले. दात अजून डॉक्टरांकडे होते.

"शब्द अप्पांचा कुठला?" काकू म्हणाल्या. "पाय हिचा!"

काकूंनी त्या बुटक्या चौकटीकडे हात केला. "चुलीशी वाकून उभी असते मी. तिथून टेबलावरचं काही दिसत नाही मला. टेबलाखालचं सगळं दिसतं. सात वर्षं मी अप्पांच्या जिभेकडे बघितलेलं नाही. तुझ्या बुटाकडे बघते."

"मग तुम्हाला तरी कळायला हवं होतं! सूप उत्तम होतं त्या दिवशी!"

"मलाही उत्तमच लागलं होतं! पण तू दोनदा मारलंस. सात वर्षांत तुझा पाय एकदाही चुकला नव्हता. मला वाटलं, आता माझीच जीभ गेली."

"बूट निसटला होता, काकू. बक्कल सैल होतं."

काकू धपकन खुर्चीत बसल्या. "म्हणजे माझ्या हॉटेलाची ही दशा एका बक्कलानं केली?"

तिनं सगळ्यांकडे पाहिलं. हेडमास्तर टेबलावरचे कण वेचत होते. डॉक्टर बटाट्यात गढले होते. कुणाच्याच चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

"फगळ्यांना," हेडमास्तर म्हणाले. "माझा चफ्मा दर फरीक्षेला खाली फडतो, तो काय उगीच?"

केवढी अळीमिळी गुपचिळी! एका जिभेसाठी सात वर्षं अख्खा रस्ता टाळ्या वाजवत होता. तिला ओशाळं वाटलं, आणि ओशाळलेपणाखाली काहीतरी ऊबदारही. पण एक काटा अजून टोचत होता.

"अप्पांना नव्हतं माहीत," ती घाईनं म्हणाली. "त्यांना वाटायचं, टेबलाचा पाय लागतो. तसं म्हणायचे ते." तिनं रुमालासाठी ओली पर्स उघडली. रुमालाबरोबर नमद्याची पट्टी बाहेर आली.

"अय्या, आहे का अजून!" शिंपीणबाईंनी पट्टी हातात घेऊन शिलाई तपासली. "मीच शिवलेली. पाच वर्षं झाली."

"ही कशाची आहे?"

"कशाची म्हणजे? डाव्या नडगीची! पायाचं माप घेतलं ना मी. विचारलं, अप्पा, या वयात फुटबॉल का? तर म्हणाले, 'तीन नंबरचं टेबल फार कडक आहे हो. पण आहे माझ्याच बाजूचं.'"

तिनं ती परत घेतली. पट्टीवरून बोट फिरवत बसली. मधोमध नमदा दबून खड्डा पडला होता, बुटाच्या टोकाएवढा.

काकू उठल्या. खुर्चीवर चढून त्यांनी फ्रेम भिंतीवरून काढली, मागची खिळपट्टी उचकटली आणि कार्ड बाहेर घेतलं. "सही आहे तिथंच राहू दे. दुरुस्ती मागच्या बाजूला लिहू." मग दिराकडे वळून, "भाऊजी, ते पातेलं ओता. झाडाला नको! मोरीत."

नवीन सूप व्हायला पाऊण तास लागला. कुणी उठून गेलं नाही. हेडमास्तरांचे दात धुऊन परत जागेवर बसले होते आणि ते मोठ्या गांभीर्यानं सर्व स वापरून पाहत होते.

वाटी तीन नंबरवर आली. ती नेहमीच्या खुर्चीत बसली. समोरची खुर्ची रिकामी होती. ती ओढून घ्यायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. तिनं चमचा तोंडात घातला. भोपळा मऊ, मिरी मागून येणारी. मीठ किंचित जास्त. फार नाही, चिमूटभर.

आणि पाय आपोआप गेला.

टेबल हादरलं, सूप बशीत सांडलं आणि तिच्या अंगठ्यातून कळ थेट डोक्यात गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिची लाथ खऱ्या टेबलाच्या खऱ्या पायाला लागली होती. त्याला खरंच फार धार होती.

चौकटीतून काकू वाट बघत होत्या. हातात कार्ड, कानावर पेन्सिल. "हं? काय म्हणतेस?"

समोरून कुणी 'जास्त!' म्हणून कडाडलं नाही. तिनं थोडा वेळ थांबून पाहिलं.

"मीठ जरा जास्त आहे," ती स्वतःच्या तोंडानं म्हणाली. "चिमूटभर."

काकूंनी लिहून घेतलं. हेडमास्तरांनी, सवयीनं, टाळी वाजवली आणि एकटेच आहोत हे लक्षात येऊन थांबवली.

ती अंगठा चोळत समोरच्या खुर्चीकडे बघत होती. मग ती बोलली, हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"अप्पा, टेबल नव्हतं ते. मी होते."